उमेश यादव : वलनीच्या खाण वसाहतीतून कसोटीच्या मैदानावर

विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामात प्रथम रणजी करंडक स्पर्धेत उतरला. त्यानंतर या संघाचा एखादा खेळाडू भारताकडून कसोटी खेळताना पाहण्यासाठी वैदर्भीय क्रिकेटरसिकांना अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. ही प्रतीक्षा ६ नोव्हेंबर २०११ रोजी दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर संपली. वेस्ट इंडिजविरुद्ध त्या दिवशी पदार्पण करणारा वेगवान गोलंदाज उमेश यादव हा विदर्भाचा पहिला कसोटीपटू ठरला.

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचाच. मात्र त्यांची कारकीर्द बहरली त्या काळात विदर्भाचा स्वतंत्र संघ नव्हता. त्यांचे नाव पुढे होळकर संघाशी कायमचे जोडले गेले. प्रशांत वैद्य या नागपूरच्या वेगवान गोलंदाजाने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळले, परंतु त्याला कसोटीची टोपी मिळाली नाही. या पार्श्वभूमीवर खाणकामगाराच्या मुलाने, तेही चामड्याचा चेंडू हाती घेतल्यावर अवघ्या चार वर्षांत, कसोटी संघात स्थान मिळवणे ही साधी गोष्ट नव्हती. ‘विदर्भ एक्स्प्रेस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गोलंदाजाने पुढे ५७ कसोटींत १७० बळी घेतले.

वलनीची वसाहत

उमेशचा जन्म २५ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात झाला. वडील तिलक यादव हे मूळचे उत्तर प्रदेशातील. रोजगारासाठी ते नागपूर जिल्ह्यात आले आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वलनी येथील कोळसा खाणीत कामाला लागले. सावनेर तालुक्यातील खापरखेडा म्हटले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. त्याच परिसरातील खाणकामगारांच्या वसाहतीत उमेशचे बालपण गेले.

मुलाने पोलीस दलात किंवा सैन्यात भरती व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी सरकारी नोकरी हीच अशा कुटुंबांची सर्वांत मोठी आकांक्षा असते. उमेशने पोलीस शिपायाच्या भरतीसाठी परीक्षाही दिली, परंतु अवघ्या दोन गुणांनी त्याची संधी हुकली. पुढे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने खेळाडूंच्या कोट्यातून त्याची साहाय्यक व्यवस्थापक पदावर नियुक्ती केली. वडिलांना हवी असलेली नोकरी अशा रीतीने घरात आली खरी, पण ती क्रिकेटच्या वाटेने.

चामड्याचा चेंडू, विसाव्या वर्षी

शालेय स्पर्धा, १४ आणि १६ वर्षांखालील संघ, १९ वर्षांखालील संघ आणि मग रणजी, अशी भारतीय क्रिकेटपटूची रूढ वाट असते. उमेश या वाटेने आलाच नाही. तो टेनिस बॉलवर गावोगावच्या स्पर्धा खेळत असे. त्या चेंडूवर फलंदाजाला चकवायचे तर गोलंदाजाला निव्वळ वेगावरच भिस्त ठेवावी लागते. शिवण नाही, चकाकी नाही, त्यामुळे स्विंगही फारसा नाही. उमेशचा वेग याच मैदानांवर घडला. त्याच्या गोलंदाजीतील पुढच्या काळातला दिशेचा स्वैरपणाही बहुधा याच मैदानांची देणगी असावी. एका महाविद्यालयीन संघात जाण्याचा त्याने प्रयत्न केला, तेव्हा क्लब क्रिकेटचा अनुभव नसल्याच्या कारणावरून त्याला माघारी यावे लागले.

विदर्भ जिमखान्याकडून तो खेळू लागला तेव्हा त्याचे वय विसाच्या घरात होते. चामड्याच्या चेंडूशी त्याची खरी ओळख तेथेच झाली. विदर्भाचा तत्कालीन कर्णधार प्रीतम गंधे याने या मुलाच्या वेगाचे मोल ओळखले. निवडीची नेहमीची उतरंड बाजूला ठेवून एका अननुभवी गोलंदाजामागे उभे राहणे सोपे नसते. मात्र विदर्भाच्या संघात त्या वेळी खऱ्या अर्थाने वेगवान म्हणावा असा गोलंदाज नव्हता आणि उमेशची गरज नेमकी तेथे होती.

नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध त्याने रणजी पदार्पण केले आणि पहिल्याच डावात चार बळी टिपले. त्या हंगामात त्याने १४.६० च्या सरासरीने २० बळी घेतले. ४० धावांत सहा बळी ही त्याची हंगामातील सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबर २००८ रोजी, नागपूरच्या जामठा येथील नव्या स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात पहिला कसोटी सामना सुरू झाला होता. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, उमेश स्वतः कसोटीपटू झाला.

दुलीप करंडकात मध्य विभागाकडून खेळताना त्याने राहुल द्रविड आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण या दोघांना बाद केले आणि त्याचे नाव विदर्भाबाहेर पोहोचले. २०१० मध्ये दिल्ली डेअरडेव्हिल्सने त्याला आयपीएलमध्ये संधी दिली. त्याच वर्षी प्रवीण कुमार जायबंदी झाल्याने ट्वेन्टी-२० विश्वचषकासाठी वेस्ट इंडिजला गेलेल्या भारतीय संघात त्याला बोलावणे आले. तेथे सामना मिळाला नाही, परंतु मे २०१० मध्ये बुलावायो येथे झिम्बाब्वेविरुद्ध त्याने एकदिवसीय पदार्पण केले. त्या सामन्यात त्याला एकही बळी मिळाला नाही आणि भारतही हरला.

कसोटीचे दार

कसोटी पदार्पणानंतरच्या दुसऱ्याच सामन्यात, कोलकात्यात, उमेशने वेस्ट इंडिजचे सात गडी बाद केले. पहिल्या डावात २३ धावांत तीन आणि दुसऱ्या डावात ८० धावांत चार. लगेच तो ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर गेला. २०११-१२ चा तो दौरा भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने अत्यंत निराशाजनक ठरला. चारही कसोटी भारताने गमावल्या. तरीही या दौऱ्यात उमेशने १४ बळी घेतले आणि पर्थच्या वेगवान खेळपट्टीवर ९३ धावांत पाच गडी बाद केले. ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने दिवसभर गोलंदाजी करणारा भारतीय गोलंदाज ही त्या काळी दुर्मीळ बाब होती.

परंतु वेगवान गोलंदाजाचे शरीर हेच त्याचे भांडवल असते आणि त्याची झीजही तेथेच होते. चेंडू टाकताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि त्याच क्षणी पाठीचा कणा वाकतो व वळतो. ज्यांनी किशोरवयापासून टप्प्याटप्प्याने हा भार सोसलेला नसतो, त्यांना धोका अधिक असतो. २०१२ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत अहमदाबादच्या कसोटीनंतर पाठीच्या दुखापतीने उमेशला गाठले. त्यानंतरची कसोटी खेळण्यासाठी त्याला डिसेंबर २०१४ पर्यंत थांबावे लागले. या मधल्या काळात, जून २०१३ मध्ये, इंग्लंडमध्ये चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात मात्र तो होता.

२०१५ चा विश्वचषक

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमधील उमेशचे सर्वोत्तम दिवस ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे झालेल्या २०१५ च्या विश्वचषकात आले. आठ सामन्यांत १८ बळी घेऊन तो भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला. संपूर्ण स्पर्धेत त्याच्यापुढे मिचेल स्टार्क आणि ट्रेंट बोल्ट हे दोघेच होते. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध ३१ धावांत चार आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७२ धावांत चार बळी त्याने टिपले. या दुसऱ्या कामगिरीत त्याची दोन्ही रूपे दिसतात. तो बळी मिळवून देत असे, पण धावाही देत असे. एकूण ७५ एकदिवसीय सामन्यांत त्याने १०६ बळी घेतले, मात्र षटकामागे सहाच्या आसपास धावा दिल्या. यामुळेच या प्रकारात त्याचे स्थान कायम डळमळीत राहिले. २०१९ च्या विश्वचषकासाठी त्याची निवड झाली नाही.

मायदेशातील वेगवान गोलंदाज

उमेशच्या कारकीर्दीचे खरे वैशिष्ट्य शोधायचे तर त्याच्या मायदेशातील कसोटी कामगिरीकडे पाहावे लागते. भारतात कसोटी म्हणजे फिरकीचे राज्य. रविचंद्रन अश्विन आणि रवींद्र जडेजा या जोडीने त्याच काळात प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडवली. अशा संघात वेगवान गोलंदाजाच्या वाट्याला येते ते नव्या चेंडूवरील चार-पाच षटकांचे काम आणि मग दीर्घ प्रतीक्षा. चेंडू जुना झाला, त्याची एक बाजू खरखरीत आणि दुसरी चकचकीत राहिली, की त्याला पुन्हा बोलावणे येते. त्या वेळी उन्हाने खेळपट्टी भाजलेली असते आणि चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही.

उमेशने या मर्यादेचेच शस्त्र केले. उसळी मिळत नाही म्हटल्यावर आखूड टप्प्याचा मोह टाळायचा आणि चेंडू थेट यष्ट्यांवर ठेवायचा, ही त्याची रीत. नवा चेंडू तो उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर काढत असे, तर जुना चेंडू रिव्हर्स स्विंगमुळे शेवटच्या क्षणी आत येई. १४० च्या वेगाने आत येणारा चेंडू खाली राहिला तर फलंदाज त्रिफळाचीत तरी होतो किंवा पायचीत तरी. तळाच्या फलंदाजांना तर अशा चेंडूवर उत्तरच नसते. फिरकीपटूंनी धरून ठेवलेला डाव झटपट गुंडाळण्याचे काम म्हणूनच वारंवार त्याच्याकडे येई.

२०१६-१७ च्या हंगामात भारताने न्यूझीलंड, इंग्लंड, बांगलादेश आणि ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्ध मायदेशात १३ कसोटी खेळल्या. त्यापैकी १२ मध्ये उमेश खेळला. दुखापतींनी ग्रासलेला गोलंदाज अशी ज्याची ओळख होती, त्याने एका हंगामात एवढे ओझे वाहावे, हे त्याच्या तंदुरुस्तीवरील मेहनतीचे फळ होते. या प्रवासात विदर्भ क्रिकेट संघटनेशी संबंधित असलेले माजी कसोटीपटू आणि प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत त्याने १७ बळी घेतले. पुण्यातील पहिल्या डावात ३२ धावांत चार, तर धरमशाला येथील निर्णायक कसोटीच्या दुसऱ्या डावात २९ धावांत तीन. भारताने ती मालिका २-१ अशी जिंकली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने ८८ धावांत सहा आणि ४५ धावांत चार असे एकूण दहा बळी घेतले. भारतीय भूमीवर एका कसोटीत दहा बळी घेणारा तो कपिल देव आणि जवागल श्रीनाथ यांच्यानंतरचा तिसराच भारतीय वेगवान गोलंदाज. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ईडन गार्डन्सवर भारताच्या पहिल्या दिवस-रात्र कसोटीत गुलाबी चेंडूने त्याने बांगलादेशच्या दुसऱ्या डावात ५३ धावांत पाच गडी बाद केले. त्याआधीच्याच महिन्यात रांचीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अवघ्या दहा चेंडूंत पाच षटकारांसह ३१ धावा कुटून त्याने प्रेक्षकांची करमणूकही केली होती.

योगायोग असा की, जामठ्याच्या घरच्या मैदानावर त्याला एकच कसोटी खेळायला मिळाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्ध.

परदेशात राखीव

हैदराबादमधील दहा बळींनंतर दोनच महिन्यांनी भारतीय संघ ऑस्ट्रेलियात होता. चार कसोटींच्या त्या मालिकेत उमेशला एकच सामना मिळाला, पर्थचा. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यातही तो एकाच कसोटीत खेळला, तर दक्षिण आफ्रिकेत एकाही नाही. याचे कारण त्याच्या खेळाइतकेच काळातही होते. भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील वेगवान गोलंदाजांची सर्वांत समर्थ फळी नेमकी याच वर्षांत उभी राहिली. इशांत शर्मा आणि महंमद शमी आपल्या भरात होते, भुवनेश्वर कुमार होता आणि जानेवारी २०१८ मध्ये जसप्रीत बुमराने कसोटी पदार्पण केले. परदेशात तीन वेगवान गोलंदाज लागत, तेव्हा उमेश बहुधा चौथा किंवा पाचवा असे. मायदेशात दोनच लागत, पण तेथे त्याला पसंती मिळे.

आकडेवारीही हाच विरोधाभास सांगते. भारतात त्याने १०१ कसोटी बळी सुमारे २६ च्या सरासरीने घेतले. परदेशातील ६९ बळींसाठी मात्र त्याची सरासरी ३८ च्या घरात गेली. परदेशातील खेळपट्ट्यांवर उसळीच्या मोहाने त्याचा टप्पा आखूड होई आणि दिशा सुटे, ही टीका निराधार नव्हती. दुसरीकडे, एक सामना खेळवून पुढचे तीन बाकावर बसवलेल्या गोलंदाजाला लय सापडावी तरी कशी, हा त्याच्या चाहत्यांचा प्रश्नही अगदीच गैर नव्हता.

संधी मिळाली तेव्हा त्याने ती साधल्याचे उदाहरण सप्टेंबर २०२१ मधील ओव्हल कसोटीचे. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न येथे पोटरीच्या दुखापतीने तो मैदानाबाहेर गेला होता. नऊ महिन्यांनी तो परतला आणि दोन्ही डावांत प्रत्येकी तीन बळी घेऊन त्याने कसोटीतील दीडशे बळींचा टप्पा ओलांडला. भारताने तो सामना १५७ धावांनी जिंकला. ओव्हलवर भारताचा हा पन्नास वर्षांनंतरचा, १९७१ नंतरचा पहिला विजय होता.

विदर्भासाठी

भारतीय संघातून वेळ मिळेल तेव्हा उमेश विदर्भाकडून खेळत राहिला. २०१७-१८ च्या रणजी हंगामात फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने इतिहास घडवला. कोलकात्यात झालेल्या उपांत्य सामन्यात कर्नाटकवर अवघ्या पाच धावांनी मिळवलेल्या विजयात उमेश सहभागी होता. त्या सामन्याचा नायक ठरला तो तरुण वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी. इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गडी राखून हरवत विदर्भाने प्रथमच करंडक उंचावला. त्या वेळी उमेश भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर होता आणि त्या दौऱ्यातील तिन्ही कसोटी त्याने बाहेर बसून पाहिल्या.

ही उणीव पुढच्या हंगामात भरून निघाली. जानेवारी २०१९ मध्ये वायनाड येथील उपांत्य सामन्यात त्याने केरळच्या पहिल्या डावात ४८ धावांत सात आणि दुसऱ्या डावात ३१ धावांत पाच असे १२ बळी घेतले. सामना दोन दिवसांतच आटोपला. अंतिम सामना जामठ्यावर झाला. सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला आणि या वेळी उमेश संघात होता. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला. एकेकाळी दुबळ्या संघांत ज्याची गणना होई, त्या विदर्भाकडे आता वेगवान गोलंदाजांची फळी आहे. हा बदल एकट्या उमेशमुळे घडला नाही. अकादमी, प्रशिक्षक आणि संघटनेचे नियोजन यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु नागपुरातून वेगवान गोलंदाज भारतीय संघापर्यंत जाऊ शकतो, याचा पहिला ठोस पुरावा त्याने दिला.

आयपीएलमध्ये तो दिल्ली, कोलकाता, बंगळूर आणि गुजरात या संघांकडून खेळला. २०१४ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या कोलकाता नाइट रायडर्सचा तो सदस्य होता. २०१८ मध्ये बंगळूरकडून त्याने २० बळी घेतले. इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटमध्ये २०२२ मध्ये मिडलसेक्स आणि २०२३ मध्ये एसेक्सचे त्याने प्रतिनिधित्व केले.

इंदूर, मार्च २०२३

फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची दिल्ली कसोटी संपली आणि इंदूरची सुरू व्हायची होती. मधल्या दिवसांतच तिलक यादव यांचे निधन झाले. काही दिवसांतच उमेश संघात परतला आणि १ मार्चला सुरू झालेल्या कसोटीत मैदानावर उतरला.

भारताचा पहिला डाव १०९ धावांत आटोपला होता. त्यातही उमेशने दोन षटकारांसह १७ धावा जोडल्या. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलिया ४ बाद १८६ अशा भक्कम स्थितीत होता. तेथून त्यांचे सहा गडी अवघ्या ११ धावांत गारद झाले. त्यापैकी तीन उमेशचे, तीन अश्विनचे. पाच षटकांत १२ धावा आणि तीन बळी हे त्याचे पृथक्करण. त्याने मिचेल स्टार्कची यष्टी उडवली, तो त्याचा मायदेशातील शंभरावा कसोटी बळी होता. भारतात हा टप्पा गाठणारा तो पाचवा भारतीय वेगवान गोलंदाज. भारताने तो सामना गमावला, पण त्या सकाळची ती पाच षटके उमेशच्या कारकीर्दीतील सर्वांत अवघड आणि सर्वांत स्वच्छ षटकांत मोजावी लागतील.

जून २०२३ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेला जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना ही त्याची ५७ वी कसोटी. त्यानंतर निवड समितीने तरुण गोलंदाजांना पसंती दिली.

उमेश यादवची गणना कपिल देव, श्रीनाथ वा झहीर खान यांच्या पंक्तीत होणार नाही. त्याच्या गोलंदाजीत तेवढे सातत्य नव्हते. मात्र फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर, दिवसाकाठी मोजकी षटके मिळत असताना, उन्हातान्हात धावत येऊन त्याने शंभराहून अधिक बळी मिळवले. वेगवान गोलंदाजाला जेथे काहीच मिळत नाही असे मानले जाते, तेथेच त्याने आपली कमाई केली. पिढ्यान्‌पिढ्या क्रिकेटच्या नकाशावर उपेक्षित राहिलेल्या विदर्भाला त्याने पहिला कसोटीपटू दिला, ही नोंद तर कायमचीच आहे.

दृष्टिक्षेपात कारकीर्द

जन्म : २५ ऑक्टोबर १९८७, नागपूर
शैली : उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी
रणजी पदार्पण : नोव्हेंबर २००८, मध्य प्रदेशविरुद्ध
कसोटी : ५७ सामने, १७० बळी (२०११ ते २०२३)
सर्वोत्तम कसोटी कामगिरी : डावात ८८ धावांत ६, सामन्यात १३३ धावांत १० बळी (वेस्ट इंडिजविरुद्ध, हैदराबाद, २०१८)
एकदिवसीय : ७५ सामने, १०६ बळी (२०१० ते २०१८)
आंतरराष्ट्रीय ट्वेन्टी-२० : ९ सामने, १२ बळी